तीन चमचे सूप

बाथरूममधल्या उखडलेल्या फरशीवरून सिस्टर घसरल्या आणि दोन तास तिथेच पडून राहिल्या. उठवायला घरात दुसरं माणूस नव्हतं. पस्तीस वर्षं नर्सची नोकरी केल्यामुळे सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची, पण दार वाजवायला कोणी यायचं नाही. मुलगा अकरा वर्षांपासून लांबच्या शहरात. तो रविवारी फोन करायचा, "बाकी काय?" असं तीनदा विचारायचा आणि ठेवून द्यायचा.

मार दाखवायला गेल्या त्या दवाखान्यातल्या कोणीतरी चर्चमध्ये कळवलं. तिथली काही माणसं दर शनिवारी एकट्यादुकट्यांची घरं फुकट दुरुस्त करून द्यायची. चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळक, घर बघायला आले, तेव्हा सिस्टरांनी उंबऱ्यातच सांगून टाकलं, "मी कुठल्याच देवाच्या दारात जात नाही. आधी सांगितलेलं बरं."

"आम्ही फरशीसाठी आलोय," पाळक म्हणाले. "देवाचं देव बघून घेईल."

शनिवारी चौघं आले. पाळक, शाळेत शिकवणारं एक जोडपं आणि एक म्हातारे सुतार, त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. त्यांचा एक नियम होता. काम मागे पडलं तरी चालेल, पण घरच्या माणसाजवळ बसायचं. मास्तरीणबाई सिमेंटच्या हातांनीच येऊन गप्पा मारत बसायच्या. मिस्त्री मात्र कधी बसले नाहीत. तोंडात खिळे धरल्यासारखे गप्प.

तीन शनिवार काम चाललं. नवी फरशी बसली, भिंतीला धरायला दांडे लागले, दार नीट मिटायला लागलं. चहाचं एका कपाचं भांडं बाजूला ठेवून सिस्टरांनी माळ्यावरचं मोठं पातेलं काढलं होतं. शेवटच्या दिवशी त्या चौघांनी डोळे मिटून प्रार्थना केली, सिस्टर उघड्या डोळ्यांनी शेजारी उभ्या राहिल्या. मग हत्यारं गोळा करून मंडळी निघून गेली.

आधी घर शांत होतं, आता ते रिकामं झालं. पुढच्या शनिवारी सकाळपासून सिस्टरांचे कान दाराकडे होते. एकदा तर त्या स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वयंपाकघरातल्या कपाटासमोर उभ्या राहिल्या. बिजागरी सैल केली, तर बोलवायला निमित्त होईल. मग स्वतःचीच लाज वाटली आणि त्यांनी तो जागेवर ठेवला.

बुधवारी दुपारी दार वाजलं. मिस्त्री एकटेच उभे होते.

"माझी पटाशी राहिली का इथे?"

लाकूड तासायच्या त्या पटाशीची मूठ त्यांच्याच पिशवीतून बाहेर डोकावत होती. सिस्टरांनी ती पाहिली, पण पाहिल्याचं दाखवलं नाही. "या आत. शोधू."

मिस्त्री आले आणि पहिल्यांदाच खुर्चीत बसले. चहा निवून गेला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही. "तुम्ही नर्स होता ना?" ते म्हणाले. "माझी बायको वृद्धाश्रमात असते. तिला काही आठवत नाही. मी रोज दुपारी भरवायला जातो. चार दिवस झाले, तोंडच उघडत नाही."

"उभं राहून भरवता की बसून?"

"उभा राहून."

"तिथंच चुकतंय. अशा माणसांना मान वर करावी लागते, गिळता येत नाही, मग भीती वाटते. समोर बसायचं, तिच्या डोळ्यांसमोर. अर्धाच चमचा. खालच्या ओठाला टेकवायचा आणि थांबायचं."

"किती वेळ?"

"लागेल तेवढा. आपल्याला कुठं जायचंय?"

मिस्त्री खुर्चीतून उठले. "एकदा दाखवाल?"

सिस्टरांनी चप्पल घातली.

वृद्धाश्रमात खिडकीजवळच्या पलंगावर एक किरकोळ बाई उशीला टेकून बसली होती. मिस्त्रींना बघून म्हणाली, "खिडकी अजून वाजते हं."

"मला ती खिडकीवाला समजते," मिस्त्री हळूच म्हणाले. "तेवढं तरी समजते."

सिस्टर स्टुलावर बसल्या. सुपाचा अर्धा चमचा ओठाला टेकवला आणि थांबल्या. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, बघत राहिल्या, मग तोंड उघडलं. एक झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते.

मग प्रत्येक बुधवारी दोघं बरोबर जाऊ लागले. थंडी सरता सरता बाई गेल्या. अंत्यविधीला सिस्टर चर्चमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर बसल्या.

त्यानंतरचे दोन बुधवार मिस्त्री फिरकले नाहीत. तिसऱ्या बुधवारी सिस्टर पत्ता विचारत त्यांच्या घरी गेल्या. दाढी वाढलेल्या मिस्त्रींनी दार उघडलं. दुसऱ्यांची घरं उभी करणाऱ्या माणसाच्या घरात एका खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा होता.

"घर खायला उठतं," ते म्हणाले.

"उठतंच. माझं अकरा वर्षं उठतंय."

"मग काय करता?"

"काही नाही. बुधवारची वाट बघत होते."

मिस्त्रींनी दुसऱ्या खुर्चीवरचे जुने पेपर उचलले आणि खुर्ची पुढे सरकवली.

त्यानंतर ते बुधवारी भेटत राहिले, कधी यांच्याकडे, कधी त्यांच्याकडे. फार बोलणं व्हायचं नाही. उजेड कमी झाला की पाहुणा उठायचा, आणि "येते हं" किंवा "येतो" म्हणून दाराशी जरा रेंगाळायचा. गुरुवारी सकाळी पुन्हा दोघांच्या घरी एकेकच कप विसळला जायचा.