हसरं अक्षर

"अक्षरं काढणं हा काय पोट भरायचा धंदा झाला?" असं अख्खं घर म्हणत होतं, तेव्हा एकटी ताई धाकट्या भावाच्या पाठीशी उभी राहिली. शिवणयंत्रावर कंबर मोडून तिने त्याला शिकवलं. घरात त्याचं नाव पडलं कंपास.

आणि कंपासने नाव काढलं हो! वर्तुळ, चौकोन आणि सरळ रेघ, एवढ्यावर त्याने अख्खा फॉन्ट उभा केला. शेपूट नाही, नक्षी नाही, रेघेची जाडी सगळीकडे सारखी. खरंखुरं वर्तुळ चौकोनाशेजारी डोळ्याला बारकं दिसतं, म्हणून एकेक गोल केसभर फुगवत बसला होता बापडा. नगरपालिकेने तो फॉन्ट घेतला. "वाचताना कुणाच्या कपाळाला आठी पडता कामा नये," तिथले साहेब म्हणाले होते. "पडणारच नाही," कंपासने छातीठोकपणे सांगितलं. मग काय, बसथांबे, बागा, कचऱ्याचे डबे, जिकडेतिकडे त्याचीच गोलमटोल अक्षरं.

त्या दिवशी तो पुष्कळ दिवसांनी ताईच्या दुकानात आला. पुष्कळ म्हणजे किती ते विचारू नका, मोठ्या माणसांना बहिणीकडे यायला सवड कुठली! दुकान तेच. एक यंत्र, एक इस्त्री, कपड्यांचे ढीग. फक्त आतल्या भिंतीवर एक नवा कागद होता, चारी कोपऱ्यांना नीट चिकटपट्टी लावलेला.

"बघितलंस? तुझी अक्षरं!" ताई म्हणाली. "नगरपालिकेची माणसं दारावर डकवून गेली होती. खराब होईल म्हणून अलगद काढून आत लावला. येईल त्याला सांगते, आमच्या कंपासने केलंय हे."

पँट आखूड करायला आलेल्या बाईंनी कौतुकाने मान डोलावली.

कंपास हसत जवळ गेला. वाचलं, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. रस्ता रुंद करायचाय, दुकानांची ही रांग पाडणार, हरकत असल्यास कळवा. हरकतीची मुदत गेल्या आठवड्यात संपली होती.

"ताई, तू हे वाचलं नाहीस?"

"त्यात काय वाचायचं? बागेत फुलांचं प्रदर्शन वगैरे असेल. किती गोड दिसतंय!"

नंतर फोनवर सांगावं, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. त्या विचाराचीही त्याला लाज वाटली. त्याने कागद मोठ्याने वाचून दाखवला. यंत्र थांबलं. बाई पँट तिथेच ठेवून निघून गेल्या.

ताईने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने कागदाचा एक कोपरा बोटाने पुन्हा नीट दाबला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

"चुकलंच माझं," तो खाली बघत म्हणाला. "मुदत गेली तरी अर्ज देऊन बघू. आत्ता टाइप करतो." त्याने लॅपटॉप उघडला.

ताईने खणातून पेन काढून त्याच्यापुढे ठेवलं.

"हाताने लिही, बाळा. तुझ्या त्या अक्षरात दिलास, तर त्यांना वाटेल आम्ही मजेत आहोत."