भर उन्हात लावलेले दिवे

ऑरिन टॉलेफसनच्या नाकात रात्रभर नळी असे आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला प्राणवायू देणारं यंत्र. यंत्राला वीज लागे. गोष्ट एवढीच, पण तिने सलग दोन उन्हाळे नवराबायकोला घराबाहेर रात्र काढू दिली नव्हती. मोंटानातल्या त्यांच्या घरामागे कॅम्पर, म्हणजे पिकअप ट्रकच्या हौद्यात चढवायचं त्यांचं छोटंसं घर, आपल्या चार लोखंडी पायांवर उभं राहून धूळ खात होतं. मुलगा केंट दर रविवारी मिसूलाहून फोन करायचा आणि तेच तुणतुणं वाजवायचा, "डॅड, विकून टाका. गिऱ्हाईक तयार आहे."

ऑरिन "बघू" म्हणायचा. हल्ली त्याचं ते "बघू" फार मवाळ झालं होतं. ते ऐकलं की त्याची बायको व्हर्ना हातातलं काम सोडून त्याच्याकडे बघायची. कॅम्पर गेला तर ऑरिन खिडकीपाशी खुर्ची टाकून बसेल आणि मग तिथून उठणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून तिने मे महिन्यात कंबर कसली. उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात काढलेली ही बाई, वायर म्हटलं की तिला मिक्सरची आठवायची. पण ती व्हिडिओ बघत बसली, कॅम्परवाल्यांच्या गप्पांच्या पानावर नाही नाही ते प्रश्न विचारून लोकांना भंडावून सोडलं, आणि जुनी शिशाची बॅटरी काढून तिथे दोन लिथियमच्या बसवल्या. बेत असा की, ट्रक चालत असताना इंजिनकडून बॅटऱ्या भरायच्या आणि रात्री त्यांच्यावर यंत्र चालवायचं. त्यासाठी ट्रकपासून कॅम्परपर्यंत अंगठ्याएवढी जाड वायर ओढली आणि मध्ये एक चार्जर बसवला. बाहेर वारा फार, म्हणून सगळं काम कॅम्पर ट्रकवर चढवून, ट्रक गोठ्यात उभा करून चाललं. ऑरिन दारात घडीच्या खुर्चीवर बसून देखरेख करायचा, म्हणजे खोड्या काढायचा.

"ती लाल वायर काळीला भेटली तर काय होईल गं?"

"सरकारची पेन्शन वाचेल."

"आणि ही इवलीशी निळी कशाला?"

"ही चार्जरला सांगणार, की बाबा, इंजिन चालू झालंय, आता ऊठ. नाहीतर तो उभ्या ट्रकची बॅटरी पिऊन टाकेल."

आता ही निळी वायर खरं तर ट्रकच्या डॅशबोर्डाखाली नेऊन जोडायची. पण तेवढ्यासाठी अर्धा डॅशबोर्ड उचकटावा लागला असता. गप्पांच्या पानावरच्या एका अनुभवी गृहस्थाने सोपी वाट दाखवली. कॅम्परच्या प्लगात मागच्या दिव्यांची वायर आयतीच येते, तिला जोडा, सगळे तसंच करतात. व्हर्नाने तसंच केलं. गोठ्यात इंजिन सुरू केलं, चार्जर उठला, तीस अँपियर आत यायला लागले. ऑरिनने टाळ्या वाजवल्या. अंगणात दोन रात्री झोपून रंगीत तालीमसुद्धा झाली. सकाळी यंत्र सुरू, ऑरिन ठणठणीत. केंटला सांगितलं, एक आठवडा थांब, मग काय ते ठरवू.

पहिला मुक्काम झकास झाला. घरून बॅटऱ्या शंभर टक्के भरून निघाले होते. नदीकाठी झोपले आणि सकाळी मीटर बावन्नवर. हिशोबाप्रमाणेच. आता ट्रक तीन तास चालला की परत भरतील, म्हणून दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात खिंड ओलांडून वरच्या तळ्यावर गेले. ऑरिनने तिथे अठरा वर्षांचा असताना पहिला ट्राउट मासा पकडला होता आणि गेली दोन वर्षं तो या तळ्याबद्दल बोलणंच टाळत होता.

पोचल्यावर व्हर्नाने मीटर पाहिला. एकोणपन्नास.

तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिला. भरणं दूरच, वाटेत फ्रिजने आणखी खाल्लं होतं. म्हणजे सगळा प्रवास फुकट. एकोणपन्नासवर रात्र निघायची नाही. पहाटेच्या थंडीत यंत्र बंद पडलं तर? हाताशी बाटलीतला प्राणवायू होता, पण तो दोन-तीन तासांचा, अडीअडचणीपुरता.

तिने इंजिन सुरू करून बोनेट उघडलं. फ्यूज शाबूत. जाड वायर घट्ट. प्लग काढला, पुसला, पुन्हा लावला. चार्जर मख्ख. घरी गोठ्यात हाच मेला कसा शहाण्यासारखा उठला होता! तिने प्रत्येक जोड ओढून पाहिला, बोटं सोलून निघाली, आणि शेवटी ती बंपरवर बसली. आता रडू फुटणार हे तिला कळलं.

ऑरिन गळाची काठी तशीच बांधलेली घेऊन आला. "चल," तो म्हणाला. "उजेड आहे तोवर घरी पोचू."

"तू गळ तरी टाक ना. मी बघते तोवर."

"व्हर्ना, तू केलंस ते खूप झालं. तळं पाहिलं ना मी? पाहिलं." मग ट्रकच्या दाराला हात लावून, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "खाली नेटवर्क मिळालं की केंटला सांगून टाकू."

आपल्याच हातांनी आपण याला घरात कोंडलं, एवढंच व्हर्नाच्या डोक्यात घुमत होतं. ती शेजारच्या सीटवर बसली आणि मीटर फोनवरही दिसत असल्याने उगाच त्याकडे बघत राहिली. दुखऱ्या दाताला जीभ लावत राहावी तसं.

खिंडीच्या अलीकडे, येताना नव्हतं असं रस्त्याचं काम आता सुरू झालं होतं. नारिंगी पाटी होती: पुढे काम चालू, हेडलाइट लावा. ऊन असं की डोळे दिपत होते, इतर कोणी लावलेच नसते. पण ऑरिनची हयात काउंटीच्या रस्ते खात्यात गेलेली. रस्त्यावरची पाटी म्हणजे त्याला वडिलांचा शब्द. त्याने खटका फिरवला.

व्हर्ना किंचाळली.

"काय झालं? कुणी आडवं आलं?"

"तीस! ऑरिन, तीस येतायत!"

"कोण तीस जण?"

"अँपियर रे बाबा! बॅटरी भरतेय! काय केलंस तू आत्ता?"

"मी? काही नाही. दिवे लावले."

"बंद कर."

"पाटी आहे ना..."

"पाटी गेली खड्ड्यात, एक क्षण बंद कर!"

जड मनाने त्याने नियम मोडला. आकडा शून्य झाला. "लाव." तीस. "बंद." शून्य. झेंडा घेऊन उभी असलेली रस्ता कामगार हा डोळे मिचकावणारा ट्रक बघून हसायला लागली.

व्हर्नाने कपाळावर हात मारून घेतला. ती निळी वायर! मागच्या दिव्यांना जोडलेली. म्हणजे चार्जर इंजिन सुरू झाल्यावर नाही, दिवे लागल्यावर उठत होता. आणि या ट्रकचे दिवे अंधार झाला की आपोआप लागतात. गोठ्यात अंधार होता, म्हणून तिथे सगळं सुरळीत चाललं. बाहेर ऊन पडलं की दिवे बंद आणि चार्जर झोपलेला. जितका दिवस छान, तितकी बॅटरी उपाशी!

"अंगणात तर दोन रात्री चालली," ऑरिन म्हणाला.

"गोठ्यात भरलेलीच होती ती. एका रात्रीनंतर तूच नाही का ट्रक पुन्हा आत नेऊन सुरू ठेवलास, ऊन लागतं म्हणून?"

"म्हणजे तुझी वायरिंग चुकली."

"चुकली! साफ चुकली!" ती हे इतक्या आनंदाने म्हणाली की ऑरिनही हसायला लागला, आणि हसता हसता त्याला खोकला आला. खोकला थांबेपर्यंत तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते तिला छातीत अक्षरशः जाणवलं. काही जळलं नव्हतं, काही तुटलं नव्हतं. फक्त एक खटका फिरवायचा होता.

कामाचा पट्टा संपल्याबरोबर ऑरिनने रस्त्याकडेची रुंद जागा पाहून ट्रक वळवला. विचारलं नाही, सांगितलं नाही.

"घर त्या बाजूला आहे," व्हर्ना म्हणाली.

"ठाऊक आहे मला घर कुठे आहे ते."

बॅटऱ्या भरायला हव्यात, म्हणून ते तळ्याकडे सरळ गेले नाहीत. दुपारभर दिवे लावून दरीतून लांबचा फेरा मारला, वाटेतल्या टपरीवजा हॉटेलात हकलबेरी या रानफळाची गोड पाई खाल्ली, तेही ट्रक बाहेर सुरू ठेवून. समोरून येणारी प्रत्येक दुसरी गाडी आपले दिवे मिचकावून खूण करायची, अरे म्हाताऱ्या, दिवे चालू राहिलेत तुझे! एरवी गाडी चालवण्यावरून कुणी शिकवलेलं ऑरिनला मुळीच खपत नसे. आज तो स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलून प्रत्येकाला सलाम करत होता.

"मिचकावू दे," तो म्हणाला. "त्यांना दिवे दिसतायत. तो माझा श्वास आहे, हे त्यांना कुठून कळणार?"

व्हर्नाने खिडकीकडे तोंड फिरवलं. मगाशी अडवून धरलेलं रडू आता येऊ दिलं, कारण आता ते वेगळं होतं.

सकाळी तिला जाग आली तेव्हा तळ्याकाठी उभ्या कॅम्परच्या पडद्यावर ऊन आलं होतं. तिने आधी कान दिला. यंत्र घरघरत होतं, आणि त्याच्या खाली ऑरिनचा श्वास, शांत आणि लांब. ती बराच वेळ नुसती ऐकत पडली.

"किती?" ऑरिनने डोळे न उघडता विचारलं.

तिने फोन पाहिला. "सत्तेचाळीस."

"बरेच की." मग कुशीवर वळत तो म्हणाला, "केंट रविवारी फोन करेल."

"करेल."

"त्याला सांग, डॅड मासे पकडायला गेलेत."

त्याने नळी काढून खुंटीला अडकवली आणि पलंगाखाली हात घालून बूट शोधायला लागला.