बाहेर येतोय

मिस्त्री लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचा तेव्हा आधी मान वर करून बघायचा. कितीही घाई असो. लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वरखाली करते तिला शाफ्ट म्हणतात, आणि शाफ्टच्या तळाशी, तळमजल्याच्याही खाली, एक खड्डा असतो. नव्या इमारतींत तो माणूस ताठ उभा राहील एवढा खोल असतो, जुन्यांत कसाबसा छातीएवढा. त्यात उभं राहून वर बघितलं की अंधारात टांगलेलं केबिनचं बूड दिसतं. ते दिसलं की मिस्त्री म्हणायचा, "बसा तिथंच," आणि कामाला लागायचा. या धंद्यात घाबरून चालत नाही, आणि अजिबात न घाबरूनही चालत नाही, हे त्याला त्याच्या उस्तादाने शिकवलं होतं.

इंग्रजी त्याच्या राशीला लागलं ते चाळिशीनंतर. कंपनीने सांगितलं, सुपरवायझर व्हायचं असेल तर इंग्रजीची लेखी आणि तोंडी परीक्षा द्या. त्याच सुमारास त्याला नवा जोडीदार मिळाला. कुठून तरी लांबून आलेला, ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणत. लंबूला मिस्त्रीची भाषा येत नव्हती, मिस्त्रीला लंबूची. दोघांच्या मध्ये उरलं इंग्रजी, तेही दोघांचं लंगडं. "यू अप, मी डाउन. टेन मिनिट. स्टॉप." एवढ्यावर त्यांचं झकास चाललं होतं.

मिस्त्रीची बायको दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. दिवसभर फोनवर इंग्रजी बोलायची आणि संध्याकाळी भाजी निवडता निवडता नवऱ्याची शिकवणी घ्यायची. भविष्यकाळाशी आल्यावर गाडी अडली.

"इंग्रजीत भविष्यकाळ एकाच प्रकारचा नसतो," ती म्हणाली.

"का पण? व्हायचंय ते व्हायचंय."

"अहो, आपल्याकडे तरी कुठे एक आहे? 'मी करीन' आणि 'मी करणार आहे' यात फरक आहे ना?"

"आहे की. 'करीन' म्हणणारा कधीच करत नाही."

ती हसली, पण सोडलं नाही तिने. "विल म्हणजे बोलता बोलता ठरलेलं. फोन वाजला, तुम्ही म्हणालात मी उचलतो, तिथे विल. गोइंग टू म्हणजे मनात आधीच ठरलेलं. आणि समोरच्याला वेळ देऊन पक्कं केलं असेल तर सरळ चालू वर्तमानकाळ. आय ॲम मीटिंग द डॉक्टर ॲट फाइव्ह."

"म्हणजे तोंडाने म्हणायचं भेटतोय, आणि भेटायचं पाच वाजता?"

"हो."

"हे म्हणजे आपलं 'आलोच' झालं. फोनवर म्हणायचं आलोच, आणि माणूस अजून आंघोळीला बसलेला."

"अगदी तसंच. पण ते पाच वाजताचं विसरायचं नाही. वेळ काढून टाकली तर ते वाक्य आत्ताचं होतं."

हा तिसरा प्रकार मिस्त्रीला फार आवडला. साहेब लोक असंच बोलत. तो आरशासमोर दाढी करताना म्हणून बघायचा, आय ॲम लीव्हिंग ॲट एट, आय ॲम कमिंग होम ॲट सिक्स.

त्या दिवशी काम एका जुन्या इमारतीत होतं. खड्ड्यात पाणी झिरपलं होतं. ते काढायचं, पुसायचं आणि केबिन ज्यांवरून सरकते त्या रुळांच्या खालच्या टोकांना ग्रीस लावायचं, एवढंच. लंबू गच्चीवरच्या मशीनरूममध्ये गेला आणि त्याने मेन स्विच पाडला. केबिन वर कुठेतरी थांबलेली होती. मिस्त्रीने किल्लीने तळमजल्याचं दार उघडलं, लिफ्ट बंद असल्याची पाटी लावली, वर बघितलं, शिडीने उतरला आणि खड्ड्यातलं लाल बटण दाबलं. हे बटण दाबलेलं असलं की लिफ्ट हलत नाही. निदान हलायला नको.

पाणी काढून होईपर्यंत दार उघडंच होतं. पण तळमजल्यावरची दोन पोरं सारखी येऊन वाकून बघायला लागली. एक तर पार कडेला पोटावर पालथं पडून विचारायला लागलं, "काका, खाली काय आहे?" त्याने पोरांना हाकललं आणि आतून दार ओढून घेतलं. ओढलं की दाराला आपोआप कुलूप लागतं, आणि ते वरच्या बाजूला असतं, खड्ड्यातून हात पोचत नाही. पण वर लंबू होता, वीज बंद होती, बटण दाबलेलं होतं. बॅटरी लावून तो ग्रीस लावायला बसला.

वॉकीटॉकी खरखरला. "हाउ लाँग?" लंबूने विचारलं.

एरवी मिस्त्री म्हणाला असता, "वन ओक्लॉक फिनिश." पण परीक्षा जवळ आली होती. त्याने घटकाभर विचार केला, वेळ द्यायचीय म्हणजे तिसरा प्रकार, आणि एकेक शब्द तोलून म्हणाला, "आय ॲम कमिंग आउट... ॲट वन."

बरोबर आलं म्हणून त्याला बरं वाटलं. मधे थांबताना आपलं बोट वॉकीटॉकीच्या बटणावरून उचललं गेलं आणि शेवटचे दोन शब्द वर गेलेच नाहीत, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

"ओके," लंबू म्हणाला. "आय विल स्विच ऑन."

मिस्त्रीने ब्रश डब्यात बुडवला. मग त्याचा हात तसाच राहिला.

विल. आत्ता ठरलं.

एक वाजताच्या बेताबद्दल म्हणाला असता तर गोइंग टू म्हणाला असता. पण लंबूला कुठलं आलंय गोइंग टू? तो तर सगळ्यालाच विल लावतो. आय विल ईट, आय विल स्लीप, माय मदर विल कम नेक्स्ट इयर. तेव्हा एक वाजताच म्हणत असेल. हो, तसंच असेल. पण आत्ताच म्हणत असेल तर? डोक्यात बायकोचा आवाज, फोन वाजला, मी उचलतो. त्याने वॉकीटॉकी घेतला आणि "नो! नो, नॉट नाऊ!" असं तो ओरडला. उत्तर नाही. मेन स्विचचा दांडा जड होता, दोन्ही हातांनी ओढावा लागायचा. म्हणजे लंबूने वॉकीटॉकी खाली ठेवला होता.

विचार करण्यात गेलेला वेळ त्याला नंतर कित्येक दिवस आठवत राहिला. तेवढ्यात शिडीवर तरी चढता आलं असतं.

वर खट् झालं. मग घुंऽऽ असा आवाज भिंतींतून उतरत आला, आणि तारा थरथरल्या.

वीज परत आली की ही जुनी लिफ्ट, आपण कुठे आहोत हे विसरल्यासारखी, सावकाश तळमजल्यावर येऊन उभी राहायची. मिस्त्रीला ते माहीत होतं. त्याने लाल बटणाकडे बघितलं. दाबलेलंच होतं. त्याने बाहेर ओढून पुन्हा दाबलं, मग मुठीने हाणलं. केबिन येतच होती. आधीच्या कुणीतरी, कधीतरी, कटकट नको म्हणून आतून वायरचा तुकडा जोडून ते बटण मुकं करून ठेवलं होतं.

तो शिडीवर झेपावला. एक हात शिडीला, दुसरा कुलपाकडे. बोटं ग्रीसने माखलेली. खटका बोटांना लागला आणि निसटला. परत ताणला हात, परत निसटला. वरच्या दारांच्या फटींतून येणारा उजेड हळूहळू झाकला गेला. आपण ओरडतोय हे त्याला स्वतःच्या आवाजावरून कळलं, आणि तो आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

मग त्याने हात सोडले आणि खाली पडला. खड्ड्याच्या मधोमध जाड स्प्रिंग होती. ती आणि भिंत यांच्यामध्ये तो अंग चोरून, ओल्या सिमेंटवर पाठ टेकून, तोंड वर करून आडवा झाला. पोट आत ओढलं. केबिनचं बूड आलं, नटबोल्टांसकट, मळासकट, आणि त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर थांबलं.

अंधार गुडुप. बॅटरी कुठेतरी अंगाखाली गेली होती. त्याने श्वास घेतला तेव्हा छाती लोखंडाला लागेल म्हणून अर्धाच घेतला.

डोक्यावर दार सरकलं. पावलं वाजली आणि केबिन जराशी दबली. एवढीशीच, दोन बोटं असेल. मिस्त्रीने डोळे मिटले. वर एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, "ये, ये आत. पाटी लावायची आणि चालू ठेवायची, धन्य आहे यांची."

मिस्त्रीने हाक मारायला तोंड उघडलं, पण नुसता फुसफुस आवाज निघाला. केबिनच्या तळाला नखं खरवडायला लागली. कुत्रा होता. तो गुरगुरला, मग जिवाच्या आकांताने भुंकायला लागला.

"अरे गप! उंदीर असेल," आजोबा म्हणाले.

दार लागलं. केबिन वर निघाली, तसा मिस्त्री उठला. हाताला पाना लागला, तो घेऊन त्याने दारावर मारायला सुरुवात केली. ठण, ठण, ठण. ही परत येईल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. कुणीतरी बटण दाबेल आणि ही परत येईल.

लंबू जिन्याने खाली आला होता. मिस्त्री बाहेर आलेला असेल, दोघं मिळून चहा घेऊ, अशा बेतात. तळमजल्यावर कुणी नव्हतं. मग त्याला दारातून ठणठण ऐकू आली. नंतर तो सांगायचा, तो आवाज ऐकल्यावर किल्ली भोकात जाईना. दार उघडं असलं की लिफ्ट चालत नाही, त्यामुळे ते उघडताच ती मधेच अडकली, आणि वरून आजोबांचा आणि कुत्र्याचा एकदमच आरडाओरडा सुरू झाला. लंबूने मिस्त्रीला काखेत धरून लहान पोरासारखं वर काढलं.

दोघं जमिनीवर बसून राहिले. लंबू रडत होता. "यू सेड कमिंग," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "यू सेड, आय ॲम कमिंग."

"ॲट वन," मिस्त्री म्हणाला. "आय सेड ॲट वन."

लंबूने मान हलवली. ते शब्द त्याने ऐकलेच नव्हते, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मिस्त्रीला राग यायला हवा होता, पण आला नाही. त्याने लंबूच्या पाठीवर हात ठेवला, तर शर्टावर ग्रीसचा पंजा उमटला.

घरी त्याने लगेच काही सांगितलं नाही. जेवण झालं, बायकोने नेहमीसारखं विचारलं, "चला, उद्या काय काय करणार, सांगा बघू इंग्रजीत." मिस्त्रीला एकही वाक्य जमेना. उद्या म्हटलं की डोळ्यासमोर ते नटबोल्ट यायचे. मग त्याने सगळं सांगितलं.

"मीच शिकवलं ना ते," ती म्हणाली.

"तू शिकवलंस ते बरोबरच होतं."

"बरोबर असून काय करायचंय?" ती म्हणाली, आणि त्याचा हात हातात घेऊन बसली.

मिस्त्रीने कंपनीत जाऊन सगळं सांगितलं. लाल बटणं तपासायला माणसं निघाली. मेन स्विचला कुलूप आलं, आणि त्याची किल्ली खड्ड्यात उतरणाऱ्याच्याच खिशात राहील असं ठरलं. परीक्षाही पुढे त्याने दिली आणि पास झाला. भविष्यकाळावरचे प्रश्न त्याने भराभर सोडवले. कागदावर त्याला कधीच भीती वाटली नाही.

पण पुढच्याच कामाला, दुसऱ्या एका इमारतीत, दार उघडून तो कडेला उभा राहिला आणि पाय उचलेना. लंबूने त्याच्याकडे बघितलं, मेन स्विचच्या कुलपाची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि शिडीने खाली उतरला. "यू अप," तो खालून म्हणाला.

मिस्त्री मशीनरूममध्ये जाऊन स्टुलावर बसला. स्विचला कुलूप होतं. त्याच्या हाताने आता काहीच सुरू होण्यासारखं नव्हतं, तरी त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. वॉकीटॉकीवर विचारलं, "ओके?"

"ओके," लंबू म्हणाला.

थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. पुन्हा ओके आलं. तिसऱ्यांदा लंबू हसला आणि त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. ते मिस्त्रीला कळलं नाही. न कळलेल्या शब्दांवर त्याला एक क्षणही बसवेना. तो उठला आणि सगळे जिने उतरून खाली आला, उघड्या दाराशी गुडघ्यांवर बसला आणि वाकून बघितलं. लंबू ब्रश घेऊन रुळाला ग्रीस लावत होता.

"व्हाय यू कम?" त्याने विचारलं. "गो अप."

"नो," मिस्त्री म्हणाला, आणि काम संपेपर्यंत तिथेच बसून राहिला.