बाटलीत नेमकं काय होतं?

बदलापूर पूर्वेला राहणाऱ्या कैलास भोईर यांच्या गॅलरीत निवडुंगाची एक कुंडी आहे. गोल, बुटका निवडुंग, मोठ्या हौसेने आणलेला. पण इतकी वर्षं झाली तरी त्याला फूल काही येईना. कुणीतरी सांगितलं, "उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पातळ खत घाला, भरपूर पाण्यात मिसळून. जास्त लागत नाही त्याला." त्यातच काट्यांच्या बुडाशी कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसायला लागला. तेव्हा कैलासराव उल्हासनगरला, कॅम्प चार भागातल्या बाजारात गेले आणि एका दुकानातून दोन्ही गोष्टी घेऊन आले, खत आणि कीड मारायचं औषध.

एका कुंडीसाठी मोठा डबा कोण घेणार? त्यांनी घरूनच कोकम सरबताच्या दोन रिकाम्या बाटल्या नेल्या होत्या. दुकानदाराने कॅनमधून सुटं ओतून दिलं. दोन्हींचा रंग काळपट तांबडा. बाटल्यांवर कोकमाचं लेबल तसंच. गॅलरीत ऊन लागतं म्हणून त्या बाटल्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर, कोपऱ्यात जाऊन बसल्या.

"अहो, हे इथे नका ठेवू," त्यांची पत्नी शलाकाताई म्हणाल्या. "निदान वर काहीतरी लिहा तरी."

"घरात आपण दोघंच. लहान पोर आहे का कुणी? आणि कुठल्यात काय आहे ते मला माहीत आहे ना!"

वाचकहो, हे वाक्य आपल्यापैकी कितीजणांनी म्हटलं असेल!

रविवारी दुपारी कैलासरावांचे वडील, आण्णा, वांगणीहून आले. ऊन मी म्हणत होतं. शलाकाताई आत ताटं मांडत होत्या, कैलासराव फोनवर बोलत होते. आण्णा स्वतःच ओट्यापाशी गेले. पाणी घेता घेता त्यांना कोकमाची बाटली दिसली. त्यांनी पेल्यात थोडं ओतलं, पाणी घातलं आणि घोट घेतला.

"थू! कैलास, हा कोकम बिघडलाय रं!"

कैलासरावांच्या हातातला फोन गळून पडला. ते धावत आत आले. आण्णा बेसिनमध्ये थुंकत होते. ओट्यावर दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी, दोन्ही अर्ध्या.

"आण्णा, कुठल्या बाटलीतलं घेतलंत?"

"हीच... नाय, ती असंल. सारखीच तर हायत दोनी."

"गिळलंत का?"

"थोडा गेला पोटात. का रं? काय होतं त्यात?"

कैलासरावांनी एक बाटली उचलली, मग दुसरी; रंग एकच, लेबल एकच. आपल्याला सगळं माहीत आहे म्हणणारा माणूस त्या बाटल्यांकडे नुसता बघत राहिला.

शलाकाताईंनी घाईघाईने मिठाचं पाणी ढवळायला घेतलं. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून शेजारच्या भावनाताई आल्या. अंबरनाथच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात त्या परिचारिका होत्या, आता निवृत्त.

"मीठ-पाणी नको!" त्या ओरडल्या. "उलटी अजिबात करवू नका. काय गेलंय ते माहीत नसताना उलटी करवली तर जास्त धोका. नुसती चूळ भरायला लावा. दोन्ही बाटल्या आणि पेला बरोबर घ्या. वास बघत बसू नका, चला!"

रिक्षात आण्णा मध्ये बसले होते. "मना काय नाय झालं," असं ते म्हणत होते, पण कपाळावर घाम होता. तो उन्हाचा की आणखी कशाचा? कैलासराव सारखे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. रिक्षा जरा थांबली की ते चालकाला घाई करत होते.

रुग्णालयात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "औषधाचं नाव काय?"

"माहीत नाही. सुटं आणलं होतं."

डॉक्टरांनी आण्णांना खाटेवर घेतलं, डोळ्यांत बॅटरी मारली, नाडी धरली. तेवढ्यात कैलासरावांनी आपल्या मेव्हण्याला, सुयोगला फोन लावला. तो कॅम्प चारलाच राहतो. दुकान बंद होतं, पण मालक वरच राहायचा. सुयोगने त्याला उठवलं. "अरे बाप रे! मेरेको नंबर दो, मैं फोटो भेजता," म्हणत मालकाने शटर उघडून दोन्ही कॅनच्या लेबलांचे फोटो पाठवले. डॉक्टरांनी ते वाचले.

"खत पोटात गेलं असेल तर फारशी काळजी नाही. पण दुसरं विषारी आहे. त्याचा त्रास कधीकधी उशिरानेही होतो. ॲडमिट करून लक्ष ठेवू या."

बाहेरच्या बाकावर कैलासराव डोकं धरून बसले. भावनाताई शेजारी येऊन बसल्या.

"कैलासभाऊ, तुम्ही रंगाच्या कंपनीत स्टोअर सांभाळता ना? एखाद्या ड्रमवर नाव नसेल तर आत घेता का?"

"नाही. गेटवरूनच परत पाठवतो."

"आणि कामगाराने पाण्याच्या बाटलीत थिनर भरून ठेवलं तर?"

"मेमो देतो."

"मग स्वतःच्या घरात कसं चाललं हो? दवाखान्यात असताना किती कामगार आणले माझ्यासमोर! पाणी समजून प्यायलेले. सगळे वाचले नाहीत. आणि प्रत्येक वेळी बाटली भरणारा हेच म्हणायचा, मला माहीत होतं त्यात काय आहे. प्यायलेल्याला कुठे माहीत होतं?"

कैलासरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. कारखान्यात ज्या चुकीसाठी ते दुसऱ्याला धारेवर धरायचे, तीच चूक त्यांनी आपल्या घरात केली होती, आणि तीही बायको सांगत असताना!

आण्णांना पुढे काही त्रास झाला नाही. बरंचसं त्यांनी थुंकून टाकलं होतं. डॉक्टरांची खात्री पटल्यावर त्यांना घरी सोडलं. पोटात नेमकं काय गेलं होतं, ते मात्र कुणालाच कळलं नाही.

पुढच्या रविवारी सोसायटीच्या बैठकीत कैलासरावांनी घडलेलं सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या गयाबाई हळूच म्हणाल्या, "माझ्याकडे संडास धुवायचं ॲसिड पाण्याच्या बाटलीत आहे." पाठोपाठ एकाने रॉकेलचं सांगितलं, एकाने फिनेलचं.

तेवढ्यात बैठकीला मुद्दाम आलेले आण्णा उभे राहिले. समोर आईच्या मांडीवर तळमजल्यावरची इरा बसली होती. नुकतीच रांगायला लागलेली.

"मी म्हातारा माणूस," आण्णा म्हणाले. "मना चव कळली, म्हणून थुंकलो. ह्या पोरीला कळली असती का?"

इराच्या आईने तिला घट्ट जवळ घेतलं. मग एकेकजण उठून आपापल्या घरी गेला, स्वयंपाकघर तपासायला. बैठकीचे बाकीचे विषय तसेच राहिले.

मंडळी, तुम्हीही आजच उठून बघा. खाण्यापिण्याच्या बाटलीत खाण्यापिण्याचंच असू द्या. खत, कीटकनाशक, ॲसिड मूळ डब्यातच ठेवा, नाव दिसेल असं आणि कुलपात. दुकानदार सुटं द्यायला तयार असला तरी नको म्हणा. आणि काय कशात आहे ते तुम्हाला एकट्याला माहीत असून भागत नाही. तुमच्या घरी तहानलेला येणाऱ्या प्रत्येक माणसाला ते कळलं पाहिजे.