हवेचा फोटो

अकोल्याला सूर्यभान डॉक्टरांच्या दवाखान्यात मी तिसऱ्यांदा उठून दारापर्यंत गेलो आणि परत येऊन बाकावर बसलो. "देवमन, बस ना बाप्पा एका जागी," माय म्हणाली. तिला म्हणायला काय जातं! मुंबईच्या सर्जनचं पत्र डॉक्टरांकडे आलं होतं, आणि माझ्या बहिणीचं, शकुनचं, ऑपरेशन होणार की नाही ते त्यात लिहिलेलं होतं.

शकुन एकोणीस वर्षांची. सातव्या वर्षापासून तिला मिरगी. चूल, विहीर, शाळा, लग्न, सगळं तिच्यापासून लांब ठेवलेलं. मी मूर्तिजापूरला मास्तर. गेल्या महिन्यात, बासष्टच्या जानेवारीत, रजा काढून दोघींना मुंबईला घेऊन गेलो. तिथे शकुनच्या कमरेत सुई टोचून हवा भरली. ती हवा डोक्यात चढली की एक्स-रेच्या फोटोत मेंदूचा आकार दिसतो, आणि ऑपरेशन लागू पडेल की नाही याचा अंदाज त्यावरून बांधतात. फोटो निघाला, पण पोरगी तीन दिवस ओकत होती. "आता सुटलीस," असं मीच तिला सांगून बसलो होतो.

डॉक्टरांनी आम्हा तिघांना आत बोलावलं. फोटो खिडकीच्या उजेडात धरला.

"हा उजवा भाग आक्रसलेला दिसतो. मिरगी इथूनच उठत असेल, तर एवढा भाग काढला की दहातल्या सहा-सात जणांचे झटके थांबतात."

"मग काढा की!"

"ऐका. मेंदूची उजवी बाजू डावा हात चालवते. म्हणजे झटका डाव्या हातापासून सुरू व्हायला पाहिजे. तुम्ही मुंबईत लिहून दिलंय, उजव्या हातापासून. फोटो एक सांगतो, तुम्ही दुसरं. दोन्ही जुळत नाहीत तोवर सर्जन हात लावणार नाहीत."

माझं टाळकंच फिरलं. हातातोंडाशी आलेला घास जात होता. "मी डोळ्यांनी पाहिलंय, साहेब, एकदा नाही शंभरदा! मूठ उजवीच आवळलेली असते. तुम्ही फोटोच उलटा धरला असेल!"

"मूठ माह्यामुळं बंद होते," मागून माय म्हणाली.

मी वळून पाहिलं. ती डॉक्टरांकडे बघून बोलत होती, माझ्याकडे नाही.

"तिचा ताईत गेला तवापासून, झटका आला का तिच्या मुठीत लोखंडाची किल्ली ठेवाची. वरून माहा पदर गुंडाळाचा, थांबेपर्यंत."

"उजव्याच मुठीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"डाव्या हातात कोनी कायी देते का, साहेब?"

"अन मले कधी दिसली नाई ती किल्ली?" मी म्हणालो.

"तुले दिसू देल्ली नाई. तू घर डोक्यावर घेतलं असतं."

घेतलंच असतं. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव, ताईत, गंडेदोरे सगळे मीच बाहेर काढले होते. नंतर मायच्या मनगटात एकदा काळा दोरा दिसला, तो मी सगळ्यांसमोर तोडला. त्यानंतर ती माझ्यापुढे काही करेना. आणि शकुनची किंकाळी ऐकून मी अंगणातून धावत येईपर्यंत पदर गुंडाळून झालेला असायचा. चिडू तरी कोणावर? आपलेच दात, आपलेच ओठ.

डॉक्टर भिंतीशी बसलेल्या शकुनकडे वळले. "बेटा, पहिलं काय होतं तुला?"

"डाव्या अंगठ्यात मुंग्या येतात. मंग तो हात आपोआप वर जाते. मंग मले कायी समजत नाई."

"दर वेळी?"

"लहानपनापासून."

"मग मुंबईत सांगितलं काहून नाई?" मी ओरडलोच.

शकुन घाबरली नाही. "तुमीच बोलून राहिले होते ना, दादा. मले कोनी पुसलं?"

लाजेनं माझे कान तापले. बारा वर्षं मी तिच्यासाठी धावत होतो, आणि खरंच, एकदाही विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी दौत पुढे ओढली. "मुंबईवाले तिला पुन्हा भरती करतील, झटका स्वतः पाहतील. फोटोशी जुळला तर ऑपरेशन करतील. तरी दहातले तीन-चार जण तसेच राहतात, हे ध्यानात ठेवा. लिहू का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मायनंही माझ्याकडेच पाहिलं. उत्तर जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं आणि शकुनकडे बघितलं.

"लिवा, साहेब," ती म्हणाली. "अन हेबी लिवा, का या टायमाले मीच सांगीन."