फुललेलं झाड उपटायचं नसतं

फूल

निंगबुवानं लाल कापड ओढलं आणि गर्दीचा श्वास अडकला. देवळाच्या वळचणीला बर्फाचे सुळे लटकत होते, आणि खाली कुंडीत पिओनी फुलली होती. ताटलीएवढं गुलाबी फूल! तीन रात्रींपूर्वी याच कुंडीत नुसत्या काटक्या होत्या. आजाऱ्याच्या घरची कुंडी देवळात द्यायची, ती फुलली की आजार गेला, असं बुवाचं वचन होतं.

चीनमधल्या त्साओचौच्या या गावाला पिओनी कुणी शिकवायला नको. नव्या वर्षाच्या बाजारासाठी घरोघरी कुंड्या उबदार शेडमध्ये ठेवतात, भर थंडीत फुलवतात. पण त्यासाठी दीड महिना राबावं लागतं. तीन रात्रींत? गाव गुडघ्यांवर आलं.

"कुंडी कुणाची?" बुवा गरजला.

"आमची! काठाचा टवका माझ्याच हातून उडालाय!" शुनत्सायचे डोळे वाहत होते. "आई, तू बरी झालीस!"

खुर्चीतली म्हातारी हसली. तिच्या पायाच्या अंगठ्याला फडकं गुंडाळलं होतं. फडक्याखाली अंगठा काळा पडत होता.

पानं

तिची लेक रुईफेन हसली नाही.

कुंडी देवळात दिली त्या दिवसापासून आईनं इन्शुलिन सोडलं होतं. बुवाचा हुकूम! "सुई म्हणजे संशय. इकडे सुई टोचली की तिकडे कळी रुसते. मी स्वर्गातली ऊब मागवतो, तुम्ही फक्त दवाखान्याचं दार लावा." स्वर्गातली ऊब याच्या पत्त्यावर येते म्हणे, पार्सलसारखी.

आणि काल डॉक्टर म्हणाले होते, उद्याच शहरात न्या, नाहीतर पाऊल जाईल.

"दादा, गाडी काढ," रुईफेन म्हणाली.

"फुललं ना डोळ्यांदेखत? आता कसला दवाखाना! तुला आई बरी व्हायला नकोय का?"

"मला तिचा पाय हवाय."

तिला एक गोष्ट पहिल्यापासून खुपत होती. कुंडी घेताना बुवानं आजाऱ्याचं नाव विचारलं नव्हतं. झाडाची जात विचारली होती.

माती

ती पुढे झाली.

"लांबून! लांबून दर्शन!" बुवाचा चेला आडवा आला.

"आमच्या घरच्या झाडाचं मी लांबून दर्शन घेऊ? सरक."

ती वाकली. सगळं गाव फुलाकडे बघत होतं, ती खाली बघत होती. मातीवरचं शेवाळ होतं जागेवर, पण मधोमध फाटलेलं आणि बोटांनी दाबून बसवलेलं. विजारीला ठिगळ लावावं तसं.

तिनं खोड दोन्ही हातांनी धरलं.

"अगं ए पोरी!" शेजारचे हाओकाका किंचाळले. "मुळं हलवायची ती शरद ऋतूत! फुललेल्या झाडाची मुळं उघडतात का कुणी?"

"नाही उघडत, काका. आपल्यातलं कुणीच नाही उघडत. हे या बुवाला चांगलं ठाऊक आहे."

"हात लावशील तर आई मरेल!" बुवाचा आवाज चिरकला. "देव कोपेल!"

रुईफेननं आईकडे बघितलं.  आईचं हसू मावळलं होतं.

रुईफेननं झाड उपटलं.

मूळ

कुणीतरी रडलं. कुणीतरी शिवी हासडली. माती बर्फावर सांडली.

"आई, आपलं झाड कसं केलं होतंस?"

म्हातारी पुढे वाकली. "थोरल्या झुडपातून फोडून. त्याच्याच मुळांवर. कलम नाही."

"मग हे काय आहे?"

बुंध्याशी कलमाचा सांधा होता. त्यावर निळी प्लॅस्टिकची पट्टी अजून तशीच गुंडाळलेली.

शुनत्साय बघतच राहिला. मग उठला, देवळामागे उभ्या असलेल्या बुवाच्या बंद टेम्पोकडे गेला आणि दार खेचलं. उबदार वाफेचा लोट बाहेर आला. आत हीटर होता. दुसऱ्या कुठल्यातरी गावच्या शेडमध्ये दीड महिना फुलवून आणलेली झाडं होती, गुलाबी, पांढरी, जांभळी, मुळं ओल्या गोणपाटात बांधलेली. जात कळली की त्या जातीचं झाड रात्रीतून कुंडीत बसवायचं. आणि कोपऱ्यात, फाटक्या पोत्यात, गावाच्या कुंड्यांतून काढलेल्या काटक्या.

"स्वर्ग बराच अडचणीचा दिसतोय," हाओकाका पुटपुटले.

बुवा पळायच्या बेतात होता. चौघांनी त्याला त्याच्याच लाल कापडानं खांबाला बांधलं.

"देव कोपला का गं?" म्हातारीनं विचारलं.

"तुला काही दिसतंय?"

"पाय दुखतोय. तो तर रोजच दुखतो." तिनं बाही वर केली. "सुई आण. आणि हे झाड परत मातीत घाल कुणीतरी, त्याचा काय दोष?"

शुनत्सायनं गाडी काढली. आईला आत बसवताना रुईफेन गर्दीकडे वळली. लोक याआधी बुवाकडून फुलून आलेल्या आपापल्या कुंड्या पोटाशी धरून उभे होते, अजून बिचकत.

"उपटून बघा," ती म्हणाली. "खरं असेल ते मुळं बघितल्यानं खोटं होत नाही. आणि बघायचंच नाही असं कुणी सांगितलं, तर आधी तिथंच बघा."

गाडी वळणावर गेली तेव्हा हाओकाकांनी आपली कुंडी आडवी केली होती.