दारावरची बशी

मी एक बशी बोलतेय. मधोमध निळं फूल, एका बाजूची कड उडालेली. बातमी आली त्या सकाळी माझ्यात खजूर होते आणि नबरा तव्यावर भाकरीचं पातळ पीठ पसरत होती. कैरोहून प्रकाशकाचा फोन आला. नबराची कादंबरी छापतो म्हणाला, फक्त एक वाक्य बदला. ‘आमची घरं घेतली’ असं नको; ‘आम्ही देशासाठी घरं दिली’ असं नायिकेनं म्हणावं.

माझा कारखाना मला आठवत नाही. नबराचे वडील अलेक्झांड्रियात स्वयंपाकी होते. त्यांनी मला टपालबोटीनं गावी धाडलं. दक्षिणेकडच्या आमच्या नुबियात पुरुष शहरात आणि घर बाईच्या हातात. नबराची आई दहीबा तेव्हा नवी नवरी होती. आमच्याकडच्या रिवाजानं, घराची शोभा म्हणून, दारावरच्या ओल्या मातीत तिनं मला बसवलं. आल्यागेल्याला आधी मी दिसायचे.

मग धरण आलं. नदी चढण्याआधी दहीबानं मला चमच्यानं उकरून काढलं. कड तेव्हाच उडाली. नव्या सरकारी वसाहतीत मी पेटीत पडले, पुढं खजुरांपुरती उरले. हे घर माझं नाही, याला कशाला नटवू, असं दहीबा म्हणायची.

पण शाळेत शिकवणारी लेक कादंबरी लिहू लागली. लिहायची अरबीत, आणि संध्याकाळी आईला आमच्या बोलीत सांगायची. एक दिवस दहीबानं दारावर खोबण कोरून घेतली, नदीकाठची माती घमेल्यात आणवली. पुस्तक आलं की मला तिथं बसवायचं ठरलं.

फोननंतर नबराचा धाकटा भाऊ शाझली हसला. “मास्तरीणबाई, एका वाक्यानं देश बुडतो का?”

“देश नाही रे, गाव बुडलं,” दहीबा म्हणाली. “दिली म्हणायला मला कोणी विचारलं? विचारलं ते तुझ्या बापाला, तेही शहरात. मी तिथं चमचा घेऊन एकटी होते.”

नबरानं तवा चुलीवरून उतरवला. वाक्य ठेवावं तर पुस्तक नाही; बदलावं तर ते आईला कोणत्या तोंडानं सांगायचं? विचारात दिवस गेले. हिवाळ्यात दहीबा गेली. दुखवट्याला आलेल्यांनी माझ्यातलेच खजूर खाल्ले.

वाक्य नबरानं बदललं नाही. प्रकाशकाचा फोन पुन्हा आला नाही. घमेल्यातली माती वाळून भेगाळलीय.

मी दमलेय. खजुरांसाठी मला वापरा, तक्रार नाही. फक्त मला कुणी देशासाठी दिलेलं नाही, उकरून काढलंय, एवढं ध्यानात असू द्या. दारावर खोबण तयार आहे. मला तिथं बसवायचं राहून गेलं.